मदत हवी आहे: ‘डू-डज’चा सराव कसा घ्यावा?

भाची खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाला, नववीत. साधं इंग्रजी वाक्य जमतं. क्रियापद शेवटून उचलून कर्त्याच्या पाठोपाठ ठेवायचं, हे तिला कळलंय. ‘शी गोज टू स्कूल’ बिनचूक लिहिते. पण प्रश्न कर म्हटलं की ‘डज शी गोज’! नकारातही तेच, ‘डजन्ट गोज’. ‘डज’ आला की ‘गोज’चा ‘गो’ होतो, हा नियम तोंडपाठ. पेन हातात घेतलं की गायब. तक्ते करून झाले. व्हिडिओ हिंदीतले, डोक्यावरून गेले. शिकवणीसाठी रोज बेळगावला धाडणं परवडत नाही, घरी मीच शिकवते. बाकीचे काळ इतक्यात नकोत, तो गोंधळ नंतर बघू. आधी ‘इज-आर’चे प्रश्न पक्के करून घ्यावेत, की थेट ‘डू-डज’ला हात घालावा?