हाडे तयार होण्याआधी भ्रूणात रक्त कुठून येते?

अंकुर: नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकात कोंबडीच्या ३३ तासांच्या भ्रूणाची काचपट्टी पाहताना, भ्रूणाच्या देहाबाहेर, पीतकावर (अंड्यातल्या पिवळ्या बलकावर) पसरलेल्या पडद्यात, म्हणजे पीतक कोशात, गडद ठिपक्यांची नक्षी दिसली. बाईंनी त्यांना रक्तद्वीपे (रक्तपेशींचे सुरुवातीचे पुंज) म्हटले. पुस्तकात रक्तनिर्मितीचा क्रम पीतक कोश, यकृत, अस्थिमज्जा असा दिला आहे. पीतक कोशातल्याच मूलपेशी (ज्यांपासून सर्व रक्तपेशी बनतात त्या) पुढे यकृतात आणि तिथून मज्जेत मुक्काम हलवतात, असे समजावे का?

पेशीविश्व: पूर्वी तसेच मानत असत, पण ते बरोबर नाही. फ्रान्समधील संशोधिका फ्रान्स्वाझ दिएतर्लें-लिएव्र यांनी लाव पक्ष्याच्या भ्रूणाचा देह कोंबडीच्या पीतक कोशावर कलम केला आणि १९७५ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. लावाच्या पेशीकेंद्रकात एक ठळक गडद गोळा असतो, त्यामुळे कोणती पेशी कोणाची हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. प्लीहा आणि थायमस (छातीतली प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी) यांतल्या रक्तपेशी लावाच्या निघाल्या, म्हणजेच आयुष्यभर पुरणाऱ्या मूलपेशींचा उगम भ्रूणाच्या देहातच आहे.

हा उगम मुख्यतः महारोहिणीच्या (देहातल्या मुख्य धमनीच्या) तळाकडील भिंतीत होतो. झेब्राफिश या छोट्या माशाच्या पारदर्शक भ्रूणात २०१० मध्ये ही घटना प्रत्यक्ष घडताना चित्रित झाली: भिंतीतली चपटी पेशी वाकते, गोल होते, शेजारच्या पेशींपासून सुटते, आणि त्या पेशी एकमेकींना भिडून फट बुजवतात. रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशीच रक्ताची मूलपेशी होते, ही मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. सस्तन प्राण्यांत त्या मूलपेशी यकृतात जाऊन संख्येने वाढतात आणि नंतर मज्जेत स्थिरावतात.

तरीही पीतक कोशाचे काम तात्पुरते समजू नये. मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या संरक्षक पेशी, तिथल्याच पूर्वज पेशींपासून येतात आणि पुढे मेंदूतच टिकून राहतात.

रक्तपेढी: मानवी भ्रूणात रक्तद्वीपे तिसऱ्या आठवड्यात दिसतात, तर महारोहिणीच्या भिंतीवरचे पेशीपुंज साधारण २७व्या दिवशी. पहिल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या असतात, केंद्रकासह रक्तात फिरतात आणि त्यांतले हिमोग्लोबिनही वेगळे असते. पुढे गर्भाचे हिमोग्लोबिन येते आणि जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. बीटा थॅलेसेमिया मेजर (प्रौढ हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याचा आनुवंशिक आजार) असलेले बाळ जन्मतः ठणठणीत दिसते आणि पुढच्या काही महिन्यांत फिकट पडू लागते, ते याच बदलामुळे. घाबरलेल्या आईवडिलांना हे समजावून सांगणे मी माझ्या कामाचा महत्त्वाचा भाग मानते.

अंकुर: दोघांचेही मनापासून आभार. महारोहिणीवरचे ते पुंज आमच्या काचपट्ट्यांत दिसू शकतील का?

पेशीविश्व: ३३ तासांच्या भ्रूणात नाही दिसणार. तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणाचा आडवा छेद मागून घ्या. पृष्ठरज्जूच्या (नोटोकॉर्ड, भ्रूणाच्या पाठीतला आधारदंड) खाली महारोहिणीची पोकळी सापडली की तिच्या तळाशी, किंचित कडेला, आत डोकावणारे गोल पेशींचे झुबके शोधा.