मदत हवी आहे : जर्मनीत शिकायला आल्यावर माणसांचा अंदाजच येत नाही. सवय होण्याची वाट पाहावी की काही करावे?

कृष्णाकाठ यांनी विचारले :

नमस्कार. मी मूळची सांगलीची. पुण्यात यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन काही वर्षे तेथेच नोकरी केली आणि या ऑक्टोबरपासून श्टुटगार्टमध्ये एम.एस्सी. करत आहे. जर्मनीत शिकलेले किंवा स्थायिक झालेले बरेच सदस्य येथे लिहितात, म्हणून हा धागा काढला आहे.

कोणत्या बाबतीत मदत नको आहे, ते आधी सांगते. थंडीचे कपडे घेऊन झाले आहेत, भारतीय किराणा मिळतो आणि रविवारी दुकाने बंद असतात हेही अंगवळणी पडले आहे. फोडणी करताना आधी खिडकी उघडायची, नाहीतर छतावरचे धूरसूचक यंत्र कोकलते, हे घरातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी सांगितले. जिना आणि दारापुढचा पदपथ झाडण्याची पाळी, जिला या श्वाबियन मुलखात केरवोखे म्हणतात, तीही मी खुशीने करते. आपल्या दारावर पाटी अडकवलेली दिसली की तो आठवडा आपला. नियम लिहून ठेवलेला असला की मला त्याचा जाच होत नाही. जाच होतो तो कुठेच न लिहिलेल्या गोष्टींचा.

एका विषयात आम्हा चौघांचा गटप्रकल्प आहे. नोव्हेंबरमधल्या एका बैठकीत माझ्या भागावर नजर टाकून गटातला एक मुलगा सर्वांसमोर म्हणाला, "हे गृहीतक चूक आहे, हा भाग पुन्हा करावा लागेल." आवाज चढलेला नव्हता, चेहऱ्यावर राग नव्हता; पण "मला वाटते" नाही, की "एकदा पाहशील का" नाही. त्या रात्री मला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनालयात, तोच मुलगा ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि सुट्टीत कुठे जाणार वगैरे गप्पा मारू लागला. पुण्याच्या कार्यालयात कोणी असे सुनावले असते, तर पुढचे काही दिवस दोघांनीही एकमेकांना टाळले असते. येथे माझा अपमान झाला होता की नाही, हेच मला अजून ठरवता आलेले नाही.

घरातही तसेच. आम्ही तिघी एका घरात राहतो; फ्रीजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा, जेवणाच्या वेळा वेगळ्या. दिवाळीत मी शंकरपाळे करून दोघींना वाटी वाटी दिले. त्यांनी ते मनापासून खाल्ले, कृतीही विचारून घेतली, आणि वाटी धुऊन, पुसून, रिकामी परत केली. आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी परत जात नाही, हे त्यांना कसे माहीत असणार, हे मला कळते. तरीही ती रिकामी वाटी मला लागली, आणि एवढीशी गोष्ट लागावी याचे जास्त वाईट वाटले.

सध्या येथे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. माझी झोप वाढली आहे. सकाळच्या तासांना जाणे टाळावेसे वाटते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेल्यापासून भारताशी साडेचार तासांचा फरक पडला आहे, त्यामुळे मी मोकळी होते तेव्हा आईबाबांची झोपायची वेळ झालेली असते. त्यांना मी सगळे छान आहे असेच सांगते. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो खात्यात अडकवून ठेवावे लागले, आणि या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला 1,500 युरो शुल्क आहे. हे सगळे कर्ज काढून झाले आहे. अशा वेळी मला येथे करमत नाही हे कोणत्या तोंडाने सांगू?

सुरुवातीच्या परिचयवर्गात आम्हाला एक आलेख दाखवला होता : आधी नवलाई, मग घसरण, मग हळूहळू चढ. सहा महिन्यांत सगळे ठीक होते, असे सांगितले गेले. माझ्या बाबतीत नवलाईचा काळ आलाच नाही. पहिल्या आठवड्यापासून मी धास्तावलेलीच आहे. त्यामुळे हा आलेख मला लागू होतो का, अशी शंका येते.

मला विचारायचे आहे ते असे. हे लोक तोंडावर बोलतात तेव्हा त्याचा अर्थ कसा लावायचा? ओळखीच्या पलीकडे माणसे जोडायची कशी? आणि हे आपोआप निवळण्याची वाट पाहावी की समुपदेशकाकडे जावे? गेल्यास त्याची नोंद विद्यापीठाकडे किंवा व्हिसा कार्यालयाकडे जाते का?

नेकारकाठ यांचा प्रतिसाद :

कृष्णाकाठ, मी याच भागात शिकलो आणि पुढे येथेच राहिलो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाने मेन्झामध्ये शेजारी बसून दिलेले आहे. तो गृहीतकाबद्दल बोलला आणि त्याच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. येथे कामावरची टीका मऊ करून सांगणे म्हणजे समोरच्याचा वेळ घालवणे, असे मानणारे पुष्कळ लोक आहेत. त्याच शब्दांत उत्तर दिलेले त्यांना चालते, किंबहुना आवडते. पुढच्या वेळी सरळ विचारा, "गृहीतक कोणत्या कारणाने चूक आहे?" कारण पटले नाही तर तसे सांगा. गप्प राहिलात तर तुम्हाला ते मान्य आहे असे त्यांना वाटते. तुम्ही दुखावला आहात हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

मात्र प्रत्येक उद्धटपणा संस्कृतीच्या नावावर खपवू नका. कोणी तुमच्या कामाऐवजी तुमच्या उच्चारांवर, रंगावर किंवा देशावर घसरले, तर तो स्पष्टवक्तेपणा नव्हे. बहुतेक विद्यापीठांत भेदभावाच्या तक्रारींसाठी संपर्क व्यक्ती नेमलेली असते. तिच्याकडे जायला संकोच करू नका. हे एवढ्यासाठी सांगतो की आपली मुले बऱ्याचदा दोन्ही टोके गाठतात : आधी साध्या टीकेने कोसळतात, आणि नंतर सगळेच सहन करायला शिकतात.

मैत्रीबद्दल. आपल्याकडे ओळख आधी होते आणि मग आपण मिळून काहीतरी करतो. येथे बहुधा आधी मिळून काहीतरी करावे लागते. दर मंगळवारी एकाच व्यायामवर्गाला किंवा गायनवृंदाला जाणारी माणसे वर्षभरात मित्र होतात, आणि एकाच जिन्यावर रोज भेटणारी माणसे दहा वर्षे नुसती नमस्कार करत राहतात. विद्यापीठाचे क्रीडावर्ग अगदी स्वस्त असतात, पण लोकप्रिय वर्गांच्या जागा नोंदणी सुरू होताच भरतात. डोंगर चालण्याची आवड असेल तर श्वाबियन आल्ब संघटना पाहा. 1888 साली स्थापन झालेली ही डोंगरभटक्यांची संस्था आहे, तिच्या गावोगाव शाखा आहेत आणि तरुणांचे वेगळे गट आहेत. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला आल्बच्या टेकड्या ठेंगण्या वाटतील, पण पायवाटांच्या खुणा पाहून थक्क व्हाल.

घरातल्या मुलींना "या कधीतरी जेवायला" म्हणू नका. "पुढच्या शुक्रवारी सात वाजता मी वरणभात करणार आहे, याल का?" असे विचारा. तारीख आणि वेळ नसलेले आमंत्रण येथे कोणी आमंत्रण धरत नाही. आणि तुमचा अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी स्वयंपाकघरातली आणि तास संपल्यानंतरची बोलणी जर्मनमध्येच होतात. विद्यापीठाच्या भाषावर्गात नाव घाला; अडखळत बोललेल्या जर्मनलाही लोक खुलतात.

एक तातडीची गोष्ट. 24 डिसेंबरपासून पुढे वसतिगृहे आणि घरे रिकामी होऊ लागतात. दुकाने बंद, ग्रंथालये बंद, वर्गातले सगळे आपापल्या आईवडिलांकडे. या राज्यात 6 जानेवारीलाही सुट्टी असते. जर्मनीतल्या पहिल्या वर्षातले माझ्या मते हे सर्वांत अवघड दिवस, आणि त्यांची कल्पना आधी कोणी देत नाही. आजच इतर परदेशी विद्यार्थ्यांना विचारा, कोण थांबणार आहे ते पाहा आणि दिवस ठरवून टाका. जवळ मराठी मंडळ असेल तर तेथेही जा. फक्त तेवढ्यावर थांबू नका, कारण शनिवारी मंडळात भेटणारी माणसे सोमवारच्या प्रयोगशाळेत नसतात.

मनोवेध यांचा प्रतिसाद :

मी पुण्यात समुपदेशनाचे काम करते. त्या आलेखाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्याने बऱ्याच विद्यार्थ्यांना विनाकारण अपराधी वाटते. त्याचे मूळ नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लुसगोर यांच्या 1955 च्या अभ्यासात आहे; अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता. मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी 1960 मध्ये सांस्कृतिक धक्क्याचे टप्पे मांडले आणि नवलाईचा काळ सर्वतोमुखी झाला. पुढे 1998 मध्ये कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा आल्यापासून पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच आढळला आणि पुढे तो कमी होत गेला. म्हणजे तुम्ही जे वर्णन केले आहे ते मुळीच जगावेगळे नाही. नवलाई आली नाही म्हणून पुढचा चढही येणार नाही, असा अर्थ काढू नका.

आता वाट पाहावी का, याबद्दल. घरची आठवण येणे, चिडचिड होणे, परक्या भाषेने संध्याकाळपर्यंत डोके शिणणे हे बहुतेकांना होते. परंतु दोन आठवडे वा अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न असणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीतही रस न वाटणे, झोप आणि भूक बदलणे, कामे सुचेनाशी होणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर त्याला सवयीचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवू नये. तुम्ही झोपेबद्दल आणि तास टाळण्याबद्दल लिहिले आहे, म्हणून भेटीची वेळ आताच घ्यावी असे माझे मत आहे. त्यात डिसेंबरच्या अपुऱ्या उजेडाचाही वाटा असू शकतो. दुपारी बाराएकच्या सुमारास बाहेर चालणे हा त्यावरचा साधा उपाय, पण तो समुपदेशनाची जागा घेत नाही.

जर्मनीत विद्यार्थी कल्याण संस्था, म्हणजे श्टुडीरेन्डनवेर्क, मानसिक समुपदेशन केंद्रे चालवतात. तेथे शुल्क नसते किंवा नाममात्र असते आणि अनेक ठिकाणी इंग्रजीतून बोलता येते. समुपदेशकांवर गोपनीयतेचे कायदेशीर बंधन असते. तुमच्या संमतीशिवाय ते विद्यापीठाला, व्हिसा कार्यालयाला किंवा आईवडिलांना काहीही कळवू शकत नाहीत. नियमित मानसोपचार लागले तर सार्वजनिक आरोग्य विम्यात ते बसतात, परंतु तेथे प्रतीक्षा मोठी असते. म्हणून सुरुवात विद्यार्थी केंद्रापासून करावी. जीव नकोसा वाटण्यासारखे विचार आले, तर मात्र कोणत्याही भेटीची वाट न पाहता 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा.

एक पालक यांचा प्रतिसाद :

माझा मुलगा ड्रेस्डेनला आहे. तोही सगळे छान आहे असे सांगायचा. ताई, आईवडिलांना आवाजावरून कळते. फक्त विचारले तर पोरगे आणखी मिटेल म्हणून ते विचारत नाहीत. कर्जाचा भार तुमच्यावर आहे हे त्यांना माहीतच आहे, त्यामुळे खोटे सांगून त्यांची काळजी कमी होत नाही. आम्ही रविवारची वेळ बांधून घेतली. तिकडे दुपारचा एक म्हणजे सध्या इकडे साडेपाच, चहाची वेळ. तिकडे त्या दिवशी सगळे बंदच असते, त्यामुळे त्यालाही घाई नसते. बाकीचे दिवस फोन नाही आला तरी आता आम्ही घाबरत नाही.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद :

सर्वांचे मनापासून आभार. समुपदेशन केंद्राला आत्ताच ईमेल लिहिला आहे आणि सुट्टीत थांबणाऱ्या वर्गातल्या तिघांशी बोलणे सुरू केले आहे. एक पालक, तुमचा प्रतिसाद आईला पाठवावा की नाही याचा विचार करते आहे. नेकारकाठ, एक शेवटचे विचारते : फेब्रुवारीत माझ्या सगळ्या विषयांच्या परीक्षा आहेत आणि आताच्या अवस्थेत त्या सगळ्या झेपतील असे वाटत नाही. काही मागे घेता येतात का?

नेकारकाठ यांचा प्रतिसाद :

बहुधा येतात, पण नियम प्रत्येक अभ्यासक्रमाचा वेगळा असतो, म्हणून कोणाच्याही सांगण्यावर न जाता तुमच्या अभ्यासक्रमाची परीक्षा नियमावली उघडून बघा. तीन गोष्टी त्यात शोधा : नाव मागे घेण्याची अखेरची तारीख, एका परीक्षेचे एकूण प्रयत्न, आणि पहिल्या वर्षात काही ठरावीक श्रेयांक मिळवणे बंधनकारक आहे का ते. प्रयत्न ठरावीक असतात आणि ते सगळे संपले तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो; म्हणून तयारी नसताना नशीब आजमावायला बसण्यापेक्षा मुदतीत नाव मागे घेणे शहाणपणाचे. ती तारीख उलटल्यावर आजारी पडलात, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र परीक्षा कार्यालयाला लगेच द्यावे लागते.

सगळ्याच परीक्षा मात्र सोडू नका. जे दोन-तीन विषय हातात आहेत असे वाटते तेवढे ठेवा. जुन्या प्रश्नपत्रिका तुमच्या विभागाच्या विद्यार्थी परिषदेकडे मिळतात. तिला येथे फाखशाफ्ट म्हणतात. तिच्या खोलीवर उघडण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात, आणि आत बसलेली मुले हीच नियमावली तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली समजावून सांगतील. सुट्टीपूर्वीच एकदा जाऊन या, नंतर तेथेही जानेवारीपर्यंत कुलूप असेल.