रशियन जेवणाचा पहिला घास: तुमचे अनुभव सांगा

शिरोडा

गेल्या डिसेंबरात आरोंदा-किरणपाणीचा पूल ओलांडून गोव्यात मोरजीच्या एका रशियन हॉटेलात गेलो होतो. मी, आई आणि धाकटी बहीण. तिथल्या पाट्या रशियन लिपीत असतात हे ऐकून होते, पण समोर आलेलं मेनूकार्डही त्याच लिपीत बघून आई उठायलाच निघाली. वाढणारी मुलगी पेडण्याची निघाली. ती कोकणीत बोलायला लागली तशी आई पुन्हा टेकली.

बोर्श मागवलं. लालभडक सूप, मधे आंबट घट्ट सायीचा गोळा (त्याला स्मेताना म्हणतात) आणि वर बारीक चिरलेला पाला. आईने वाटी नाकाशी नेली आणि म्हणाली, "शेपूचो वास येता गो!" आमच्या घरी शेपू आवडीने खाणारी ती एकटीच. तिने सगळी वाटी संपवली. लाल रंग बिटाचा, आणि शिजवताना थोडं आंबट घातलं की तो टिकतो, हे त्या मुलीनेच सांगितलं. एक मात्र लक्षात ठेवा, बोर्श रशियन हॉटेलात मिळतं, पण युक्रेनी माणसाला ते आपलं वाटतं. युक्रेनी बोर्शच्या परंपरेची युनेस्कोने २०२२ साली नोंद केली आहे.

तुमच्या पहिल्या वेळेबद्दल लिहा. आवडलं नसेल तरी लिहा, फक्त का ते सांगा.

कुडाळ

शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. मार्गशीर्षातला गुरुवार होता, आम्ही दोघी जावा. एका ठिकाणी "व्हेज आहे" म्हणून बोर्श आणून ठेवलं आणि तळाशी हाड निघालं. वर मांसाचा तुकडा दिसला नाही तरी ते बहुतेकदा हाडाच्या पाण्यात शिजवतात. जाऊबाई दिवसभर काही बोलल्या नाहीत, मला फार वाईट वाटलं. पेल्मेनीत (पाण्यात उकडलेल्या छोट्या करंज्या) खिमा असतो, बरेचदा गाईचा आणि डुकराचा मिसळून. बटाट्याच्या वारेनिकी (त्याही तशाच उकडलेल्या करंज्या) चालतील, पण पारीत अंडं आहे का ते विचारा.

मालवण

सासरे आयुष्यभर मासळीच्या धंद्यात. त्यांच्यासाठी हेरिंग मागवला. शिजवलेला नसतो, मिठाच्या पाण्यात मुरवलेला असतो. सोबत उकडलेला बटाटा, कच्चा कांदा, तेल. त्यांनी कातडी आणि काटा बघितला आणि म्हणाले, "हो पेडव्याचो भाव." खरंच आहे, हेरिंग आणि आपले पेडवे एकाच कुळातले. तिखट, हळद, तिरफळ काही नाही, त्यामुळे माशाचीच चव लागते आणि तीच त्यांना आवडली. दुसरी प्लेट बिट, गाजर, बटाटा, मेयॉनीज यांच्या थरांखाली दडवलेल्या हेरिंगची होती. तिच्या रशियन नावाचा अर्थ 'फरकोटाखालचा हेरिंग'. ती त्यांनी बाजूला सारली. मला दोन्ही आवडल्या.

रत्नागिरी

मला नाही आवडलं. लग्नाच्या पंगतीत 'रशियन सलाड' खाऊन तेच रशियन जेवण असं वाटत होतं. रशियात त्याला ओलिव्ये म्हणतात, आणि ते १८६० च्या दशकात मॉस्कोच्या एका हॉटेलात जन्मलं. तेवढंच ओळखीचं निघालं. बाकी सगळं माझ्या जिभेला अळणी. पण राय नावाच्या धान्याचा काळा पाव धण्यांसकट भाजलेला होता, तो मात्र पुन्हा खाईन.

पेडणे

मी दोन सीझन तिकडच्या एका किचनात होतो. पेल्मेनीची पारी लाटून पेल्याच्या काठाने गोल कापायची, मधे कच्चा खिमा, अर्धचंद्र दुमडायचा आणि दोन्ही टोकं जुळवायची. कानासारखा आकार होतो, आणि नावाचा मूळ अर्थही 'कानाची भाकरी'. खारट उकळत्या पाण्यात सोडायच्या, वर तरंगल्या की आणखी काही मिनिटं. पहिल्या दिवशी माझ्या खूप फुटल्या. घरी मोदक वळताना पारीची कड पातळ करायची सवय, आणि इथे तीच दाबून घट्ट बंद करावी लागते. सैबेरियात हिवाळ्यात शेकड्यांनी करून बाहेर थंडीतच गोठवून ठेवतात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. मे महिन्यात फ्रीजरचं दार उघडलं की मला ते आठवायचं.

सावंतवाडी

लहानपणी सोव्हिएत काळातली मराठीत आलेली स्वस्त पुस्तकं घरी होती. त्यात कायम कुणीतरी समोवार (चहाचं पाणी तापवायचं भांडं) पेटवायचं आणि 'काशा' खायचं. काशा म्हणजे पेज असावी अशी माझी समजूत. पन्नाशीनंतर मांद्र्याला पहिल्यांदा ताटात आली. कुट्टूचे (बकव्हीटचे) दाणे भाजून मोकळे शिजवलेले, वर लोणी. पेजेसारखी मुळीच नाही, खमंग वास आणि मातीची किंचित चव. मी हळूहळू खाल्ली. समोवार कपाटावर शोभेला ठेवलेला होता. मालकाला पुस्तकांचं सांगितलं, तर त्याने तो खाली उतरवला आणि झाकण काढून मधली निखाऱ्यांची नळी दाखवली. पाणी तिच्याभोवती तापतं. इतकी वर्षं मी चुलीवरची किटली डोळ्यांसमोर आणत होतो. नळीत हात घातला तर बोटांना अजून काजळी लागली.