मल्टीत शेजाऱ्याच्या सिगरेटचा धूर: नियम कुठवर, उपाय काय? (इंदूर)

अन्नपूर्णा_रोड
पाच मजली मल्टी (फ्लॅटची इमारत), लिफ्ट आहे, रहवासी संघ नोंदणीकृत. आमच्या खालचा फ्लॅट कोचिंगच्या मुलांना भाड्याने दिलेला. धूर जिन्यात, बाल्कनीत आणि सगळ्यात जास्त रात्री बाथरूमच्या डक्टमधून (पाईप आणि हवेसाठीचा उभा बोळ) येतो. घरात दम्याचं माणूस आहे. भांडण नको, तोडगा हवा. कायदा कुठवर चालतो, संघाला काय करता येतं आणि डक्टचं काय करायचं?

ठराव_वही
कायद्याचं आधी, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याची (कोटपा) धूम्रपानबंदी सार्वजनिक जागेपुरती आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांत कामाची ठिकाणं, कॅन्टीन वगैरेही आली. दंड जास्तीत जास्त 200 रुपये. फ्लॅटच्या आत हा कायदा येत नाही, आणि उघडी गच्चीही यातून सुटते, कारण व्याख्येतच मोकळी जागा वगळली आहे.

जिना, लॉबी, लिफ्ट या जागांवर वाद होतो. पण व्याख्येत ‘हक्काने असो वा नसो, लोकांची ये-जा असलेली जागा’ असे शब्द आहेत. कुरिअरवाला, दूधवाला, पाहुणे रोज येतातच. तेव्हा बिनधास्त बोर्ड लावा: 60 × 30 सेंमी, पांढरी पाटी, किमान 15 सेंमी व्यासाचं वर्तुळ, 3 सेंमी लाल कड, मध्ये काट मारलेली सिगरेट किंवा बिडी, खाली ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे अपराध आहे’. हिंदीत चालतो. प्रवेशद्वारी, प्रत्येक मजल्यावर जिन्याशी आणि लिफ्टच्या दाराशी. तक्रार कुणाकडे करायची ते नावही लिहा. बऱ्याच मल्टींत तेवढंच राहतं आणि मग बोर्ड नुसता शोभेचा.

कोटपाचं चलान संघाला फाडता येत नाही, त्याला अधिकृत अधिकारी लागतो. संघाचा स्वतःचा दंड लावायचा तर तो उपविधीत (संघाच्या नोंदलेल्या नियमांत) असायला हवा. नुसता व्हॉट्सॲप ग्रुपवरचा ‘निर्णय’ टिकत नाही. म्हणून आधी कपाटातून नोंदणीचा कागद काढा: सहकारी संस्था असेल तर मध्य प्रदेशचा 1960 चा सहकारी कायदा, साधी समिती असेल तर 1973 चा सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, फ्लॅटमालकांची असोसिएशन असेल तर 2000 चा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम. उपविधी बदलायची रीत त्याप्रमाणे ठरते. ठरावात ‘सिगरेट’ एवढंच लिहू नका. बिडी, हुक्का, ई-सिगरेट सगळं घ्या, नाहीतर पळवाट राहते.

पोलिसांत जायचंच झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 280 आहे, हवा आरोग्याला घातक करण्याबद्दल, दंड 1000 रुपयांपर्यंत. पण त्यात त्रास आजूबाजूच्या लोकांना सर्वसाधारणपणे व्हावा लागतो. एका घराच्या तक्रारीवर फार भिस्त ठेवू नका.

पाना_पक्कड
डक्टचं मी सांगतो. गरम हवा डक्टमधून वर चढते, म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा धूर तिसऱ्या-चौथ्याला जास्त लागतो. त्यात रात्री खिडक्या बंद आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावी लागते, आणि ती येते बाथरूमच्या झडपेतून, म्हणजे व्हेंटिलेटरमधून. म्हणजे धूर तुमचाच पंखा ओढतोय.

आधी उदबत्तीने तपासा. खिडक्या बंद, एक्झॉस्ट चालू, बाथरूमचं दार उघडं. पेटती उदबत्ती व्हेंटिलेटरच्या काचांपाशी, पाईप भिंतीत शिरतो तिथे आणि प्लंबिंगच्या झाकणाच्या कडेला धरा. धुराची रेघ घरात वाकली की तिथे फट आहे.

मग: झडपेच्या काचा काढून पक्की काच आणि तिच्यात 6 इंची एक्झॉस्ट, मागे आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या असलेला. पट्ट्या नसतील तर पंखा बंद असताना ते भोकच. चौकटीभोवती सिलिकॉन. पाईपभोवती बोट जाईल एवढी फट असेल तर पीयू फोम (फुगून फट भरणारा फेस) भरा, सुकला की कापून वर व्हाईट सिमेंट. नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखालचा, पाण्याने वास अडवणारा भाग) पाणी आटलं तर तिथूनही वास येतो. कमी वापराच्या बाथरूममध्ये आठवड्याला मगभर पाणी ओता.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर व्हेंटिलेटर अजिबात बंद करू नका. कार्बन मोनॉक्साईड साचून जीव जातो. आधी गीझर विजेचा करा, मग हे काम.

गच्चीवर जाऊन डक्टचं तोंडही बघा. कबुतरं नकोत म्हणून पत्रा ठोकून बंद केलेलं असतं, मग धूर बाहेर जाणार कुठे? पत्रा फूटभर उचला, बाजूंनी जाळी लावा. खर्च संघाचा, कारण डक्ट सगळ्यांची.

किरायानामा
मुलांपेक्षा फ्लॅटच्या मालकाला पकडा. 11 महिन्यांचा करार नव्याने होताना कलम घालायला लावा: ‘घरात, बाल्कनीत, जिन्यात धूम्रपान नाही, भिंती पिवळ्या पडल्यास रंगाचा खर्च डिपॉझिटमधून’. मालकाचाही फायदा आहे. धुराने पिवळ्या झालेल्या भिंतीवर नुसतं इमल्शन मारलं की डाग पुन्हा वर फुटतो. भांड्याच्या साबणाने धुऊन, सुकवून, ऑइल प्रायमर लागतो आणि वर रंगाचे दोन हात. मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण (घरभाड्याच्या) कायद्यात उपद्रव हे घर खाली करून घेण्याचं एक कारण आहे, पण कोर्टाची वाट लांब. पाणी-वीज तोडण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर ऐकू नका, ते मालकाच्याच अंगाशी येतं.

अन्नपूर्णा_रोड
गीझर विजेचा आहे. एअर प्युरिफायर घेऊ का? आणि मुलांना जागा द्यायची तर कुठे?

पाना_पक्कड
हेपा फिल्टर कण धरतो, वास आणि वायू नाही. त्याला जाड ॲक्टिव्हेटेड कार्बन हवा, आणि तो भरला की बदलावा लागतो. 10 × 12 फुटांची खोली, 10 फूट उंची म्हणजे सुमारे 34 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरायची तर सीएडीआर (प्युरिफायर तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) तासाला 170 घनमीटरच्या वर बघा. पण फटी बुजवल्याशिवाय घेऊ नका.

ठराव_वही
गच्चीचा एक कोपरा ठरावात लिहून द्या, पाण्याच्या टाकीपासून आणि डक्टच्या तोंडापासून लांब. तिथे पत्र्याचा डबा, दोनतृतीयांश वाळू भरून. प्लास्टिकचा नको, वितळतो. नुसतं ‘इथे ओढू नका’ म्हटलं की पोरं परत संडासात शिरतात. डबा कोण रिकामा करणार तेही त्याच ठरावात लिहा.