चित्रात काकूला वखरलेलं वावर दिसलं, ते चूक कसं?

पऱ्हाटी_आर्वी

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल पण वाचा. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातली, आमच्या बचत गटाच्या आम्ही नऊ बाया बँकेच्या कामाने नागपूरला गेलो होतो. काम दुपारी एकलाच आटोपलं, एसटीला वेळ होता, आणि सिव्हिल लाइन्समध्ये एका ठिकाणी चित्रांचं प्रदर्शन चालू होतं, फुकट होतं, म्हणून शिरलो आत. मी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, तेवढाच माझा चित्रकलेशी संबंध, बाकीच्या तर पहिल्यांदाच.

एक मोठं चित्र होतं, दाराएवढं. खालचा पाऊण भाग काळा-तपकिरी, त्याच्यावर एक बारीक पिवळी रेघ आणि वर नुसतं पांढरट. नाव काहीच नाही, 'अनटायटल्ड' लिहिलेलं. आमच्यातली सगळ्यात मोठी काकू त्याच्यासमोर थांबली ती हलेचना. म्हणे हे वखरलेलं वावर आहे, पाणी पडायच्या आधीचं, मृगाची वाट पाहून राहिलं, आणि ही पिवळी रेघ म्हणजे धुऱ्यावरचं वाळलेलं गवत. मग ती बाजूला जाऊन, मान तिरपी करून, उजेड आडवा येईल अशी पाहायला लागली आणि म्हणाली, ज्यानं काढलं तो डावखुरा आहे. मी म्हटलं काकू तुला काय माहीत? तर म्हणे सारवताना बोटांच्या कमानी उमटतात ना, उजव्या हाताच्या एका बाजूला वळतात, याच्या उलट्या वळल्या. मी जवळून पाहिलं तर खरंच, रंग एवढा जाड होता की ब्रशचे ओरखडे अगदी ओल्या सारवणासारखे दिसत होते.

तेवढ्यात बाजूला उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले की ताई हे अमूर्त चित्र आहे, यात शेत-बित शोधायचं नसतं, ही मनातली पोकळी आहे. रागाने नाही बोलले, समजावून सांगितल्यासारखंच. पण आमच्या बाया एकदम गप झाल्या आणि पुढची सगळी चित्रं नुसती पाहत पाहत बाहेर आलो. मला ते फार लागलं. एसटीत बसल्यावर मात्र आर्वी येईपर्यंत सगळ्या त्याच चित्रावर बोलत होत्या.

तर माझा प्रश्न असा की चित्रकाराच्या मनात नसलेलं आपल्याला दिसलं तर ते चूक का? आणि मला यांना परत न्यायचं आहे, तर सगळ्यांनी मिळून चित्र कसं पाहायचं, जागा कोणत्या, कोणी सांगाल का?

रेघोट्या

ताई, मी झेडपीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवली, भंडारा जिल्ह्यात. आधी काकूंना माझा नमस्कार सांगा. डावखुऱ्याचं बरोबर की नाही ते चित्रकारच सांगेल, पण रंगाच्या थरावरून हाताची चाल ओळखायची ही जाणकारांची नजर आहे, ती त्यांच्याकडे सारवणातून आली.

त्या गृहस्थांचं अर्धंच बरोबर आहे. अमूर्त चित्रात चित्रकार वस्तू काढायला बसत नाही हे खरं. वासुदेव गायतोंडे घ्या, जन्म आपल्या नागपूरचाच, 1924 चा. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे पातळ थर चढवायचे, काढायचे, परत चढवायचे, आणि आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवूनही घ्यायचे नाहीत, वस्तूविरहित म्हणायचे. त्यांच्या बहुतेक चित्रांना नावच नाही. पण नाव नसण्याचा अर्थ पाहणाऱ्याचं तोंड बंद करायचं असा होत नाही ना! उलट त्याने तुम्हाला मोकळं सोडलं. चित्रकार सय्यद हैदर रझांचा बिंदू पाहा, म्हणजे त्यांच्या चित्रांत येणारा तो मोठा काळा गोल. लहानपणी शाळेत मन थाऱ्यावर राहत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे पाहत बसायला सांगितलं, तिथून तो आला असं ते स्वतः सांगायचे. पुढे ते नागपूरच्या आर्ट स्कूलमध्येही शिकले. आता ही गोष्ट माहीत नसलेल्याला त्या काळ्या गोलात बी दिसलं, कुंकू दिसलं, तर ते काय खोटं?

फक्त एक पथ्य मी पोरांना लावायचो, तुम्हीही लावा. कोणी काही म्हटलं की विचारायचं, कशावरून? काकूंनी पिवळी रेघ दाखवली, ओरखडे दाखवले, म्हणजे त्यांचं म्हणणं चित्रावर उभं आहे. पोकळी म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारायचा. आणि आधी पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग प्रत्येकीने फक्त काय दिसतं ते सांगायचं, अर्थ नंतर. पाच मिनिटं लय मोठी वाटतात, पण तिसऱ्या मिनिटाच्या पुढेच चित्र उघडायला लागतं हा माझा अनुभव आहे. एका दिवसात चार चित्रं झाली तरी पुष्कळ.

धुऱ्यावरचा_बावा

ताई मी यवतमाळकडचा. रेघोट्या सरांचं पटलं पण मले एक वेगळं सांगायचं हाय. कधी कधी आपल्याले जे माहीत हाय ते आपण नाही बोललो त चित्र अर्धंच राहते.

दोन-तीन वर्षांआधी एका प्रदर्शनात गेलो होतो. चित्रात एक माणूस पाठमोरा, पाठीवर निळी टाकी, तोंडाले दुपट्टा, आन् चारही बाजूनं हिरवंगार. दोन पोरी पाहून राहिल्या होत्या, एक म्हणे सैनिक आहे, दुसरी म्हणे ऑक्सिजनचं सिलिंडर असेल. हिरवा रंग किती फ्रेश आहे म्हणे. मी लय वेळ गप उभा राहिलो, बोलू का नको, बोलू का नको. मग सांगितलं, की बाई हा फवारणीचा पंप हाय, आन् ही पऱ्हाटी हाय, म्हणजे कपाशी, पाहा याच्या डोक्याच्या वर गेली. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारता फवारता विषबाधा होऊन माणसं मेली, तवा पऱ्हाटी अशीच उंच झाली होती, फवारा वरून अंगावर, तोंडावर पडे. दुपट्ट्यानं काय होते?

त्या पोरी परत चित्राकडं वळल्या आन् कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग एकीनं मले विचारलं, काका तुम्ही फवारता का? मी हाव म्हटलं. तिनं टाकीवर बोट दाखवून विचारलं याचं वजन किती असते, म्हटलं भरली की सोळा-सतरा किलो. तोच हिरवा रंग होता, पण मंग कोणी फ्रेश नाही म्हटलं. म्हणून म्हणतो, काकूले सांगा गप नका बसू. त्या गृहस्थाले ढेकूळ माहीत नसन तर त्याले कोण सांगन?

सातपुडा_मोर्शी

जागांबद्दल सांगतो. अजब बंगला म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 चं, सोमवार सोडून जा. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शनं होत राहतात, जाण्याआधी फोन करून चौकशी करा. आणि शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या मुलांचं प्रदर्शन असेल तर ते सोडू नका, तिथं काढणारी पोरंच चित्राजवळ उभी असतात, काकूंना डाव्या हाताचं थेट विचारता येईल.

आमच्याकडे यायचं असेल तर धारूळजवळच्या अंबादेवीच्या डोंगरातली शैलचित्रं आहेत, मध्य प्रदेशच्या हद्दीत, पण आपल्या सीमेला लागूनच. 2007 मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींना ती सापडली. हत्ती आहेत, इतर प्राणी आहेत, माणसं आहेत, आणि अर्थ सांगायला काढणारा कोणीच उरला नाही, त्यामुळे सगळे सारखेच. मात्र पावसाळ्यात नको, गावातला माहीतगार सोबत घ्या, आणि हात जोडून विनंती, चित्र ठळक दिसावं म्हणून लोक त्याच्यावर पाणी मारतात, ते अजिबात करू देऊ नका, रंग खराब होतो.

पऱ्हाटी_आर्वी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी गटाच्या मीटिंगमध्ये हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बावा दादांचं वाचताना सगळ्या बाया चिडीचूप, दोघींच्या घरचे फवारणीला जातात. तुरी निघाल्या की धारूळ नक्की झालं, गाडीचे पैसे गटातून. काकू म्हणे पाच मिनिटं गप बसायला माझी ना नाही, पण मास्तरांना विचार, तिरपं होऊन पाहिलेलं चालते ना?