वाचनालयाच्या संगणकांवर लिनक्स बसवावे का?

प्रश्न – वाचनालयाचे कार्यवाह, पूर्व भाग, सोलापूर
आमच्या वाचनालयातील संगणकांवर विंडोज १० आहे. तिचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) ची सोय नसल्यामुळे या यंत्रांवर विंडोज ११ नियमाप्रमाणे बसत नाही. नवी यंत्रे घेण्याइतकी शिल्लक नसल्याने मी कार्यकारिणीपुढे लिनक्स या विनामूल्य संगणकप्रणालीचा प्रस्ताव ठेवला. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, की ज्या प्रणालीचा सोर्स कोड (मूळ आज्ञावली) कोणालाही वाचता येतो आणि जी हॅकर मंडळींनीच घडवली आहे, तिच्यावर वाचकांच्या नावापत्त्यांची नोंदवही कशी सोपवायची? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – संगणकप्रेमी, सात रस्ता
ही शंका रास्त आहे आणि ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ असे सांगून ती उडवून लावू नये. एक्सझेड हे फायली आकुंचित करणारे छोटे साधन बहुतेक लिनक्स प्रणालींत असते आणि त्याची देखभाल एक थकलेला स्वयंसेवक करत होता. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने दोनेक वर्षे उपयुक्त काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ च्या आरंभी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट (यंत्रात गुपचूप शिरण्याची सोय) पेरली. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे विकासक तेव्हा डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अस्थिर (अजून विकासाधीन) शाखेवर वेगळ्याच चाचण्या करत होते. दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच त्यांना खटकले. त्या धाग्यावरून ते मुळापर्यंत गेले आणि २९ मार्च रोजी त्यांनी सारे जाहीर केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो कोड पोहोचलाच नव्हता.

यंत्र असे का वागते हे समजेपर्यंत स्वस्थ न बसणे आणि समजलेले सर्वांसमोर मांडणे, ही माझ्या मते हॅकर संस्कृती आहे. चोरवाट जागी करणारा तुकडा सार्वजनिक कोडभांडारात नव्हता, तो वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातच घातला होता, हेही आपल्या सभासदांना अवश्य सांगावे. उघड्यावर तो टिकेल याची खात्री त्या व्यक्तीलाही नसावी. अर्थात, एकट्या स्वयंसेवकावर एवढा भार टाकणे हा आपल्या चळवळीचा खरा दोष आहे आणि तो मला अस्वस्थ करतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत लिहिलेले, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) १९९२ मध्ये ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली आले. बदललेली प्रत वाटणाऱ्याने तिचा कोडही द्यावा, या त्या परवान्याच्या अटीमुळे कर्नलच्या बाबतीतही असा शोध घेण्याचा हक्क आपल्याकडे राहिला आहे.

उत्तर २ – डीटीपी व्यावसायिक, नवी पेठ
वरील विवेचन पटते, तरी वाचनालयाला जुन्या फायली अधिक त्रास देतील असे वाटते. अहवाल आणि ग्रंथयादी युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय अक्षरपद्धती) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. माझ्या व्यवसायाला कोरलड्रॉ हे चित्र-मांडणीचे सॉफ्टवेअर लागते आणि त्याची लिनक्स आवृत्ती मिळत नाही, म्हणून मी विंडोज सोडलेली नाही.

प्रश्नकर्ते
आभारी आहे. ग्रंथयादी जुन्या फॉन्टमध्येच आहे. आमचे बरेच वाचक तेलुगू आणि कन्नडही वाचतात. त्या लिप्यांत टंकन करता येईल का?

उत्तर – संगणकप्रेमी, सात रस्ता
होय, मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक विनामूल्य उपलब्ध आहे. जुन्या यंत्रांसाठी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेले डेबियन घ्यावे. आधी ते पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर आणि वाय-फाय तपासावे आणि नोंदवहीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढल्यानंतरच एका यंत्रावर बसवावे.