सेटलमेंटवाल्याला आधी पैसे देऊ नका ताई

ताई, तुम्ही लिहिलंय की "सगळी लोन निम्म्यात मिटवतो" म्हणून एकजण आधी ८००० मागालाय, अजिबात देऊ नका. हप्ते थांबवा म्हणतो तो, पण व्याज आणि दंड चढत राहतो आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतं ते तुमचंच.

वडगावात आमच्या मावशीचं असंच, माग बंद पडला नि तीन गटांचं मायक्रोफायनान्सचं (बायकांच्या गटाला मिळणारं छोटं) कर्ज डोक्यावर, वसुलीवाले रात्री ९ ला येऊन उंबऱ्यात बसायचे, पोरं जेवायची सुद्धा नाहीत. एका रविवारी तिच्या पासबुकातले आकडे सगळे एका वहीत उतरवले, तेव्हा कळलं की दोन कर्जं तिसऱ्याचा हप्ता भरायलाच काढलेली. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो, बायकांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असूदे, १५१०० वर फोन केला तरी चालतंय.

आणि घाबरू नका ओ, मायक्रोफायनान्सच्या कर्जाला सकाळी ९ च्या आधी नि संध्याकाळी ६ नंतर, बाकीच्या कर्जांना सकाळी ८ च्या आधी नि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. कर्नाटकात तर फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोफायनान्सच्या जबरदस्तीवर वटहुकूम आला, मग त्याचा कायदा झाला, त्यात १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बँकेला तक्रार लेखी द्या, पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा, फी काही नाही, माहितीसाठी १४४४८.

खानापूरहून प्राधिकरणात येताना सगळी पासबुकं आणि झेरॉक्स घेऊनच या, नाहीतर हेलपाटा पडतोय.